शुक्र म्हणे पृथ्वीचा जुळा भाऊ! कुठल्या अंगाने?

पहाटवारा
परवा भाचीला दुर्बिणीतून शुक्र दाखवला. डोळा लावल्या लावल्या म्हणाली, "मावशी, चुकून चंद्र लावलायस." कोर दिसत होती ना! मग तिला शुक्राच्या कला समजावल्या, गॅलिलिओने १६१० मध्ये त्या पाहिल्या तेही सांगितलं. इथवर माझा रुबाब टिकून होता. पुढे जाऊन म्हटलं, "हा आपल्या पृथ्वीचा जुळा भाऊ बरं का." ती उठली, पुस्तक आणलं आणि तक्ता माझ्या नाकासमोर धरला. "जुळे असे असतात?"

तक्त्याचा वरचा अर्धा भाग माझ्या बाजूने होता. व्यास १२,१०४ किमी, पृथ्वीचा १२,७५६. वस्तुमान पृथ्वीच्या ८१ टक्क्यांहून किंचित जास्त. घनता ५.२४, आपली ५.५१. खालचा अर्धा भाग मात्र वैऱ्याचा. जमिनीवरचं तापमान ४६४ अंश सेल्सिअस. हवेचा दाब आपल्या ९२ पट. पाणी नाही, चंद्र नाही, स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, आणि फिरतो तोही उलटा.

तर जाणकारांनो, एवढा फरक नुसता सूर्याजवळ असल्यामुळे पडला का? आणि 'जुळा' हा शब्द कुणी सिद्ध करून दाखवेल का? भाचीसमोर अब्रूचा प्रश्न आहे.

तिरपागडा
पहिला! आता वाचतो.

आळशी_उल्का
सोपं आहे की. आपण सूर्यापासून १५ कोटी किमीवर, तो १०.८ कोटींवर. ऊन जवळजवळ दुप्पट. चुलीला खेटून बसलं की चटके बसणारच. पुढचा धागा आणा.

कातळ
थांबा उल्काताई, बुध तर चुलीच्या मांडीवरच बसलाय, ५.८ कोटी किमीवर. त्याच्याकडे दुपारी ४३० अंशांच्या आसपास, आणि रात्री उणे १८०. शुक्रावर मात्र दिवस असो की रात्र, विषुववृत्त असो की ध्रुव, ४६० च्या घरातच. शिसं ३२७ ला वितळतं, जस्त ४२० ला, दोन्ही तिथे पातळ होतील. म्हणजे चुलीपासूनचं अंतर हे काही उत्तर नव्हे.

आता खरी गंमत सांगतो. शुक्राचे ढग पडणाऱ्या उन्हापैकी पाऊण हिस्सा जसाच्या तसा परत पाठवतात. (आपल्याला तो एवढा लखलखीत दिसतो तो त्यामुळेच.) हिशोब मांडला तर शुक्र दर चौरस मीटरला सरासरी १६० वॅटच्या आसपास ऊर्जा शोषतो आणि पृथ्वी २४० च्या आसपास. दुप्पट ऊन ताटात वाढलेलं असूनही तो पृथ्वीपेक्षा कमी खातो! हवा नसती आणि उजळपणा तेवढाच असता, तर त्याचं तापमान उणे ४० च्या आसपास असतं. वरचे पाचशे अंश ही सगळी हवेची करणी.

तिरपागडा
वाचून आलो. उणे चाळीस?? कातळशेठ, दंडवत घ्या.

शंकासुर
एक बाळबोध शंका. तिथल्या हवेत ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे असं वाचलंय. दोघं एकाच सामानातून घडले म्हणता, मग हा वायू शुक्रालाच का मिळाला? पृथ्वीच्या वाट्याचा गेला कुठे?

खडूफळा
शंका बाळबोध नाही, शंकासुरा. सगळ्या धाग्याचं मर्म त्यातच आहे.

पृथ्वीच्या वाट्याचा कुठेही गेलेला नाही. तो तुमच्या पायाखाली आहे, चुनखडीत आणि संगमरवरात. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं, त्या सौम्य आम्लाने खडक झिजतात, झिजलेलं सगळं समुद्रात जातं आणि तळाशी कार्बोनेट होऊन बसतं. शिंपल्यांनी आणि प्रवाळांनी या कामाला मोठा हातभार लावला, पण जीवसृष्टी नसली तरीही हे चालतं, फक्त सावकाश. पृथ्वीच्या सगळ्या कार्बोनेट खडकांतला वायू एकाच वेळी मोकळा केला, तर शुक्राच्या हवेत आहे साधारण त्याच मापाचा ढीग निघेल. म्हणजे दोघांकडे पुंजी सारखीच. एकाने ती तिजोरीत ठेवली, दुसऱ्याची अंगणात उघडी पडली.

ही तिजोरी पाण्यावर चालते. पाणी गेलं की खडकात कोंडण्याचं काम बंद, आणि ज्वालामुखी मात्र वायू ओकतच राहणार.

नायट्रोजनचंही तेच बघा. तिथे तो फक्त ३.५ टक्के, म्हणून किरकोळ वाटतो. पण हवाच एवढी प्रचंड की ते साडेतीन टक्के आपल्या एकूण नायट्रोजनच्या तिप्पट-चौपट भरतात. टक्केवारीने पोरांना फसवायचं असेल तर हे उदाहरण हुकमी आहे, मी वर्षानुवर्षं वापरलंय.

पहाटवारा
सर, हे तिजोरीचं मी भाचीला सांगणार. तुमचं नाव न घेता.

आळशी_उल्का
बरं, चूल मागे घेते. पण मग पाणी गेलं कुठे? शेवटी सूर्यानेच उडवलं ना? म्हणजे मी निम्मी बरोबर.

कातळ
निम्मी नाही, पाऊण बरोबर. :) जवळ असल्याने सुरुवातीला थोडं जास्त ऊन मिळालं, वाफ वाढली. वाफ स्वतःच उष्णता धरून ठेवते, त्यामुळे आणखी ऊब, आणखी वाफ. वाफ वरच्या थरात पोचली की अतिनील किरण पाण्याचा रेणू फोडतात आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो. याचा पुरावाही हाती आहे. १९७८ च्या पायोनियर व्हीनस यानाने मोजलं तेव्हा तिथे जड हायड्रोजनचं, म्हणजे ड्युटेरियमचं, साध्या हायड्रोजनशी असलेलं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त निघालं. हलका पळाला, जड मागे रेंगाळला. पिशवीतली साखर सांडून गेली आणि तळाला खडे राहिले, तसं.

दुसरी_बाजू
इथे थोडा ब्रेक लावतो. 'समुद्र होता आणि उकळून गेला' ही गोष्ट सगळे खात्रीने सांगतात, पण ती पक्की झालेली नाही. २०१६ मध्ये नासाच्या गोडार्ड संस्थेतल्या लोकांनी संगणकीय प्रारूप चालवून दाखवलं की मंद फिरणाऱ्या शुक्रावर दिवसाच्या बाजूला जाड ढग जमतील, छत्रीसारखं काम करतील आणि समुद्र कोट्यवधी वर्षं टिकू शकेल. मग २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने सुरुवात निराळी धरली: ग्रह तापलेला, पाणी सगळं वाफेत. त्यांच्या प्रारूपात ढग रात्रीच्या बाजूला जमले, म्हणजे ऊन न अडवता नुसती गोधडी घालून बसले. वाफेचं पाणी कधी झालंच नाही, एक थेंबही पाऊस नाही.

दोघांचेही समुद्र संगणकातले. खडक हातात आल्याशिवाय निकाल नाही. पाणी होतं हे ड्युटेरियम सांगतं, ते जमिनीवर साचलं होतं का हे सांगत नाही.

खडूफळा
मान्य. माझ्या वरच्या प्रतिसादातलं 'पाणी गेलं की' हे 'पाणी साचलंच नाही तर' असंही वाचावं.

नुसता_वाचक
अवांतर: उलटा फिरतो म्हणजे तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. मी स्वतःहून भांडी घासली की आमच्याकडे "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं" असं ऐकायला मिळतं. शुक्रावर या टोमण्याची धारच गेली.

रानभेंडी
ठ्ठो! पण नुसता_वाचक, तिथे सूर्योदय ११७ दिवसांतून एकदा. भांडी घासायची वारंवारता तेवढीच असेल तर टोमणा तिथेही लागू.

शंकासुर
११७ कसे? मी तर वाचलंय की शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा, २४३ दिवसांचा.

कातळ
दोन वेगळे 'दिवस' आहेत. ताऱ्यांच्या संदर्भाने स्वतःभोवती एक फेरी व्हायला २४३ दिवस, सूर्याभोवतीच्या फेरीला २२४.७. पण फिरणं उलट दिशेने असल्याने दोन्ही वेग एकमेकांत मिळतात. १/२४३ अधिक १/२२४.७ करा आणि उलटवा, ११६.७५ येतात. एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत एवढं अंतर. 'दिवस वर्षापेक्षा मोठा' हे वाक्य खरं आहे, पण सूर्योदयावर घड्याळ लावणाऱ्यासाठी खोटं.

तिरपागडा
मी लगेच कॅलक्युलेटर काढला. विषुववृत्ताचा घेर ३८ हजार किमी धरला तर ताशी साडेतेरा किमीने पळत राहिलं की सूर्य आकाशात जागच्या जागी! कायम संध्याकाळ! आणि गुरुत्वाकर्षण नव्वद टक्के, म्हणजे साठ किलोचा माणूस चोपन्नचा. मॅरेथॉनवाल्यांनो, चला.

रानभेंडी
पहिल्या पावलाला भाजाल, दुसऱ्याला चेपाल. ९२ पट दाब म्हणजे समुद्रात सुमारे ९०० मीटर खोल.

कातळ
आणि पळताना हवा आडवी येईल ते वेगळंच. जमिनीलगत तिची घनता दर घनमीटरला ६५ किलोच्या आसपास, आपल्या हवेच्या पन्नासपट. एवढ्या दाबाला आणि तापमानाला कार्बन डायऑक्साइड धड वायूही नसतो, धड द्रवही नसतो. तळाशी वारा कसला, सेकंदाला मीटरभर, चालण्यापेक्षाही संथ. पण जोर वेगाच्या वर्गावर आणि घनतेवर ठरतो, त्यामुळे ती झुळूक आपल्याकडच्या ताशी २५ किमीच्या वाऱ्याइतका रेटा देईल.

वर गेलात तर उलट चित्र. ढगांच्या माथ्यावर वारे ताशी ३६० किमीच्या आसपास, चार दिवसांत अख्ख्या ग्रहाला प्रदक्षिणा. खाली जमीन २४३ दिवसांत एकदा वळते आणि वरची हवा चार दिवसांत. ग्रहापेक्षा त्याची हवा साठपट घाईत.

पहाटवारा
हे मला माहीतच नव्हतं. हवेला एवढा वेग देतं कोण?

कातळ
मुख्यतः सूर्याची ऊब. दिवसाची बाजू तापते, हवा फुगते, त्यातून भरतीसारख्या लाटा निघतात आणि त्या वरच्या थरांना ढकलत राहतात. जपानच्या अकात्सुकी यानाच्या निरीक्षणांतून हे बरंचसं स्पष्ट झालं. ते यान २०१० मध्ये कक्षेत शिरताना चुकलं, पाच वर्षं सूर्याभोवती भटकलं आणि २०१५ मध्ये छोट्या इंजिनांवर परत येऊन शुक्राला धरलं. पोचताच त्याला ढगांत १० हजार किमी लांबीची धनुष्याकृती लाट दिसली. भोवतालचे ढग धावत होते, ती मात्र खालच्या डोंगराळ भागावर जागची हलत नव्हती.

नुसता_वाचक
यानांचा विषय निघालाच आहे तर रशियन व्हेनेरांना नमस्कार केल्याशिवाय पुढे जाऊ नका. १९७० मध्ये व्हेनेरा ७ उतरलं, किंवा आदळलं म्हणा, आणि जेमतेम २३ मिनिटं क्षीण आवाजात बोलत राहिलं. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेला तो पहिला संदेश. १९७५ मध्ये व्हेनेरा ९ ने पहिलं छायाचित्र पाठवलं. १९८२ चं व्हेनेरा १३ बांधलं होतं ३२ मिनिटांसाठी, टिकलं १२७.

पण माझा लाडका किस्सा झाकणांचा. व्हेनेरा ९ आणि १० च्या दोन-दोन कॅमेऱ्यांपैकी एकेकाचं झाकण निघालंच नाही. ११ आणि १२ चं तर एकही निघालं नाही, एवढ्या लांब जाऊन अंधार. १४ ची झाकणं शेवटी व्यवस्थित उडाली, आणि त्यातलं एक नेमकं तिथे जाऊन पडलं जिथे जमिनीचा कठीणपणा तपासणारा दांडा टेकणार होता. कोट्यवधी किलोमीटर जाऊन त्यांनी स्वतःच्याच झाकणाचा कठीणपणा मोजला.

रानभेंडी
खिक्! दैव देतं आणि झाकण नेतं.

आळशी_उल्का
त्या छायाचित्रांत सगळं नारिंगी का दिसतं? खडक तांबडे आहेत का मंगळासारखे?

नुसता_वाचक
खडक करडेच, बेसॉल्टच्या जातीचे, पसरट फरशांसारखे. जाड हवेत निळा प्रकाश वरच्या वर गाळला जातो, खाली उरतो तो नारिंगी. ढगाळ दिवसासारखा पसरलेला उजेड, सावली जवळजवळ नाहीच. आणि हो, ढग गंधकाम्लाचे असले तरी आम्लाचा पाऊस जमिनीपर्यंत पोचत नाही. उष्णतेने वाटेतच त्याची वाफ होते.

अर्धी_कोर
पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय, सांभाळून घ्या. शुक्रावरची ठिकाणं बायकांच्या नावांनी आहेत हे इथे कुणी लिहिलं नाही. देवता, कथांमधल्या नायिका, आणि मोठ्या विवरांना प्रत्यक्ष होऊन गेलेल्या कर्तबगार बायका. आपल्या आनंदीबाई जोशींच्या नावाचं विवर तिथे आहे, पंडिता रमाबाईंच्या नावाचं 'मेधावी' आहे, डॉ. जेरुशा झिराड यांचंही आहे. उत्तरेकडच्या इश्तार भूमीवर 'लक्ष्मी' नावाचं उंच पठार आहे.

पुरुष एकच, जेम्स क्लार्क मॅक्सवेल. लक्ष्मी पठाराच्या पूर्वेला मॅक्सवेल पर्वत, सरासरी पातळीपासून ११ किमी उंच. बायकांच्या नावांचा नियम होण्याआधीच रडारवाल्यांनी ते नाव दिलं होतं, म्हणून राहिलं.

पहाटवारा
अर्धी_कोर, स्वागत! आनंदीबाईंचं विवर! हे भाचीला आज रात्रीच सांगते, बाकीचं उद्या.

खडूफळा
सुंदर माहिती. त्याला एक पुरवणी जोडतो. त्या मॅक्सवेलच्या माथ्यावर तापमान ३८० अंशांच्या आसपास, म्हणजे शुक्राच्या मानाने थंड हवेचं ठिकाण. विशिष्ट उंचीच्या वर ती शिखरं रडारला एकदम चकचकीत दिसतात. खालून वाफ झालेले धातूंचे क्षार, कदाचित शिशाचे किंवा बिस्मथचे, वर गारठून दवासारखे बसत असावेत असा एक अंदाज आहे.

तिरपागडा
३८० ला 'गारठून'. सर, तुमचे दाखले.

हिरवट_बुवा
मला वाटतं इथे कुणी मुख्य मुद्द्याला हात घालत नाहीये. शुक्र हे आपलं भविष्य आहे. असंच कोळसा-तेल जाळत राहिलो तर दोनशे वर्षांत इथे शुक्र होणार.

दुसरी_बाजू
बुवा, काळजी योग्य, उदाहरण अवाजवी. सगळं खनिज इंधन जाळलं तरी पृथ्वीचा शुक्र होणार नाही, आपल्याकडे तेवढं इंधनच नाही. त्या ढिगाचा बहुतांश भाग चुनखडीत आहे आणि चुनखडी कुणी पेट्रोलच्या टाकीत भरत नाही. सूर्य हळूहळू तापतोय, त्यामुळे आपले समुद्र जायची वेळ येईल ती शंभर कोटी वर्षांच्या हिशोबात.

हिरवट_बुवा
म्हणजे जाळत राहायचं का मग?

दुसरी_बाजू
असं कुठे म्हटलं? दोन-तीन अंशांनीच आपली शेती आणि किनारे कोलमडतात, त्याला ४६४ ची गरज नाही. खोटी भीती दाखवली की खऱ्या भीतीवरचा विश्वास उडतो, एवढंच म्हणणं.

शंकासुर
भांडणाच्या मध्ये एक शंका. चुंबकीय क्षेत्र नसलं की सौरवारा हवा उडवून नेतो, मंगळाचं तसंच झालं, असं ऐकत आलोय. मग शुक्राकडे ९२ पट हवा उरली कशी?

कातळ
याचसाठी मी शुक्राला 'ठराविक उत्तरांचा कर्दनकाळ' म्हणतो. मंगळ हलका, त्याची पकड ढिली. शुक्राची पकड पृथ्वीच्या जवळपास, आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणू जड. शिवाय सौरवारा त्याच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळला की तिथेच तात्पुरतं चुंबकीय आवरण तयार होतं. ते भक्कम नाही, पण अगदी उघडंही नाही.

मूळ क्षेत्र का नाही याचं उत्तर गाभ्यात असावं. शुक्र संथ फिरतो हे कारण नेहमी सांगितलं जातं, पण तेवढं पुरत नाही. गाभ्यातलं द्रव लोखंड उसळत राहायला वरचं आवरण पुरेसं थंड व्हायला हवं. पृथ्वी आपली उष्णता भूपट्ट सरकवून बाहेर टाकते. शुक्राला असे भूपट्ट दिसत नाहीत, सगळं कवच एकसंध झाकण.

नुसता_वाचक
परत झाकण!

कातळ
हो, आणि हे तर ग्रहाचंच! मॅगेलन यानाने १९९० ते १९९४ या काळात रडारने ९८ टक्के पृष्ठभाग टिपला. विवरं सापडली हजारेक, आणि ती सगळीकडे सारखी विखुरलेली. चंद्राच्या मानाने नगण्य. म्हणजे जमीन वयाने कोवळी, काही दशकोटी वर्षांची. जुनी जमीन लाव्ह्याखाली कशी गेली, सगळी एका दमात की हळूहळू, यावर अजून वाद आहे. पण ज्वालामुखी मेलेले नाहीत. त्याच मॅगेलनची जुनी रडारचित्रं पुन्हा तपासली तेव्हा माट पर्वतावरचं एक मुख १९९१ च्या आठ महिन्यांत रुंदावलेलं आणि आकार बदललेलं आढळलं. ही बातमी आली २०२३ मध्ये. चित्रं बत्तीस वर्षं कपाटात पडून होती.

आळशी_उल्का
मग आता कुणी जातंय का परत?

नुसता_वाचक
जातायत. नासाची दाविंची आणि व्हेरिटास, युरोपची एन्व्हिजन. आपल्या इस्रोच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, उड्डाणाचं लक्ष्य मार्च २०२८.

अर्धी_कोर
राहायलाच जायचं असेल तर जमिनीवर कशाला? ५० ते ५५ किमी उंचीवर दाब पृथ्वीसारखा आणि तापमान खोलीतल्यासारखं ते कडक उन्हाळ्यासारखं. श्वासाची हवा नेली आणि आम्लापासून कातडी वाचवली की झालं. १९८५ मध्ये व्हेगा यानांनी तिथे दोन फुगे सोडले होते, दोन दिवसांच्या आसपास तरंगत होते.

खडूफळा
म्हणजे पृथ्वीशी खरं साधर्म्य त्या उंचीवर आहे, आणि उभं राहायला तिथे जमीन नाही.

पहाटवारा
मंडळी, अहवाल देते. भाचीला तिजोरी, साखरेची पिशवी, झाकणं, आनंदीबाई सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जुळेच आहेत की. जन्मताना सारखे होते, पुढे एकाचं पाणी गेलं." मी म्हटलं, त्याच्याकडे पाणी साचलं होतं का हेच नक्की नाही. त्यावर म्हणाली, "मग नुसतं 'जन्माने जुळे' लिही." तेवढ्यावर आमचा तह झाला.

तिचा एक प्रश्न मात्र मला सुटला नाही. आपण 'शुक्राची चांदणी' म्हणतो, तिथली सगळी नावंही बायकांची. मग 'भाऊ' का? बहीण का नाही?

रानभेंडी
सूर्याजवळ आहे, सगळ्यांत उजळ आहे, आतून धुमसतोय, आणि जवळ जाणाऱ्याला दोन तासांच्या वर टिकू देत नाही. यावर मी काही बोलणार नाही. ह.घ्या.

अर्धी_कोर
बोललात तेवढं पुरे आहे, रानभेंडी.

उशिराचा_पाहुणा
फक्त शीर्षक वाचून लिहितोय. जुळा भाऊ मंगळ ना?

तिरपागडा
कातळशेठ, तुम्हीच बघा यांच्याकडे.